रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सांगलीत एका औषध दुकानात मी फार्मासिस्ट आहे. महिन्याची औषधे न्यायला येणारे कितीतरी आजी-आजोबा चिठ्ठीतल्या एका ओळीवर बोट ठेवतात आणि सांगतात, "ही सोडून बाकीच्या द्या. कोलेस्टेरॉल नॉर्मल आलंय." ती ओळ अ‍ॅटोरव्हास्टॅटिन नाहीतर रोसुव्हास्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या 'स्टॅटिन' गोळीची असते.

अहो, रिपोर्ट नॉर्मल आला तो बहुतेक वेळा त्या गोळीमुळेच! आपल्या शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल यकृतच तयार करते. स्टॅटिन त्या कामाला आळा घालते, मग यकृत रक्तातले एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ओढून घेऊ लागते. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो, आणि काहीच दुखत-खुपत नसल्याने कुणाला पत्ता लागत नाही.

ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला आहे, त्यांनी तर लॅबच्या कागदावरचा 'नॉर्मल' रकाना पाहूच नये. तिथे एलडीएल १००च्या आत असले की पुरे मानतात. या रुग्णांचे मात्र ते ७०च्या खाली, अनेकांचे ५५च्याही खाली ठेवायला डॉक्टर सांगतात.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि हृदयविकार नसलेल्या माणसाला ही गोळी नव्याने सुरू करावी का, यावर डॉक्टरांतही एकमत नाही. तो निर्णय समोर बसून, बाकीचे आजार पाहूनच व्हावा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज वाचून नव्हे.

पाय दुखतात, मांड्या भरून येतात ही तक्रार मी ऐकतो आणि ती खरी असू शकते. अशा वेळी डॉक्टर डोस कमी करतात, गोळी बदलून देतात. थायरॉईडही तपासून घ्यावे, कारण ते मंदावले तर कोलेस्टेरॉल वाढते आणि अंगही दुखते. दुखणे फारच वाढले किंवा लघवी गडद झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

काहीजण पैशांसाठी गोळी वगळतात, हे तोंडाने सांगत नाहीत पण कळते. त्यांनी जनऔषधी केंद्रात चौकशी करावी, तेथे हीच औषधे बरीच स्वस्त मिळतात.

डॉक्टर मंडळींना कळकळीची विनंती आहे. चिठ्ठीवर या गोळीपुढे 'रिपोर्ट नॉर्मल आला तरी चालू ठेवणे' एवढे मराठीत लिहा. काउंटरवर मी ते वाचून दाखवीन.

– एक फार्मासिस्ट, सांगली