काठी नव्हे, दिलेला शब्द

संपादक महोदय,
सोलापुरातल्या आपल्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत मिरवणाऱ्या उंच नंदीध्वजांना आपण सरसकट 'काठ्या' म्हणतो. त्यात गैर काही नाही, पण काठीमागची गोष्ट घराघरांत सांगितली जात नाही, याची खंत वाटते. बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांवर कुंभारकन्येचं मन जडलं. ते विरक्त; त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली, अशी आख्यायिका आहे. न दिसणाऱ्या भक्तीला त्या दंडात देह मिळाला. म्हणूनच दर संक्रांतीला त्या योगदंडाचं प्रतीक म्हणून सात नंदीध्वज निघतात आणि सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर या लग्नाच्या अक्षता पडतात.

यंदा माझ्या पुढ्यात पांढऱ्या बाराबंदीतला एक तरुण नंदीध्वज तोलत होता. मानेच्या शिरा तटतटलेल्या, नजर वर टोकाला खिळलेली. शेजारच्या आजींनी मुठीतल्या अक्षता आधी कपाळाला लावल्या, मग टाकल्या. (माझी आईही असंच करायची.) त्याच वेळी मागची पोरं मोबाइल उंचावून विचारत होती, "नवरी कुठंय?" त्यांचा काय दोष? त्यांना कुणी सांगितलंच नाही. शाळांनी यात्रेआधी एक तास द्यावा, मुलांना संमती कट्ट्यावर न्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर