सूचना : ट्रॅकवर टायरमधील हवेचा दाब

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालविताना टायरमधील हवा प्रत्येकाने दिवसभर एकाच गेजने मोजावी, कारण दोन गेजमध्ये एक-दोन पीएसआयचा (हवेचा दाब मोजण्याचे एकक) फरक सहज पडतो. सकाळी टायर थंड असताना, ऊन लागण्याआधी, चारही चाकांचा दाब लिहून ठेवावा आणि सुरुवात गाडीच्या दारावरील स्टिकरवर दिलेल्या दाबापासूनच करावी.

टायरचे तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढले की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. त्यामुळे काही फेऱ्यांतच तो बराच चढतो, टायर मध्यभागावर टेकू लागतो आणि वळणावरील पकड कमी होते. म्हणून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबविण्याच्या जागेत) परतताच, टायर गरम असतानाच, दाब मोजून थोडी थोडी हवा सोडावी. टायरच्या कडेवरील छोट्या त्रिकोणी खुणेपर्यंत रबर घासले आहे का, हे दर वेळी वाकून पाहावे, कारण आमच्या मते गेजच्या आकड्याइतकीच ही खूणही महत्त्वाची आहे. घासल्याचा पट्टा तिच्याखाली उतरला असल्यास आणखी हवा मुळीच सोडू नये.

सोडलेली हवा टायर थंड झाल्यावर कमी पडते, आणि अशा टायरवर हायवेने घरी परतणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे हवा पुन्हा स्टिकरप्रमाणे भरल्याशिवाय कोणीही ट्रॅकच्या आवाराबाहेर गाडी काढू नये.