टक्केवारी नको, उत्तरपत्रिका द्या

महोदय,

प्रमाणित चाचण्यांतले, म्हणजे सगळ्या शाळांत एकाच पद्धतीने घेतल्या-तपासल्या जाणाऱ्या परीक्षांतले, मुलांचे गुण शिक्षकांच्या पगारवाढीला जोडावेत, ही मागणी अधूनमधून जोर धरते. माझी सगळी नोकरी प्राथमिकचे वर्ग सांभाळण्यात गेली, म्हणून कळकळीने लिहिते आहे.

चाचणी हवीच. तिसरीतली दोन मुले ५२ वजा २७ चे उत्तर ३५ लिहितात. एकाने दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ सातातून दोन घालवले. दुसऱ्याने दशक सुटा केला, बारातून सात बरोबर काढले, पण पाचाचे चार करायचे राहिले. उत्तर तेच, चूक वेगळी. पहिल्याला मण्यांच्या माळा आणि सुटे मणी घेऊन मुळापासून शिकवावे लागते. दुसऱ्याला ‘पुन्हा बघ’ म्हटले तरी पुरते. हे उत्तरपत्रिकेवरच्या खाडाखोडीतून कळते. आमच्या हाती येते ती टक्केवारी, तीही वर्ष सरल्यावर.

ही टक्केवारी पोटापाण्याशी जोडली गेली की काय होते, ते मी पाहिले आहे. काठावरच्या मुलांची यादी निघते आणि जादा तास त्यांनाच मिळतात. ज्याची आशा नाही त्याला शुद्धलेखन देऊन मागे बसवतात. वर्षभरात अक्षरओळखीपासून जोडाक्षरांपर्यंत आलेली मुलगी निकालात ‘अप्रगत’च राहते, तिच्यासाठी राबलेल्या बाईंच्या नावावरही तेच लागते.

अमेरिकेत २००१ च्या कायद्याने २०१४ पर्यंत प्रत्येक मूल वाचन-गणितात प्रवीण व्हावे असे ठरवले आणि मागे पडणाऱ्या शाळांवर कारवाईची तरतूद केली. ते साधले नाही; २०१५ मध्ये कायदा बदलावा लागला. दरम्यान अटलांटात मुलांची उत्तरे खोडून दुरुस्त केल्याचे उघडकीस आले. २०११ च्या चौकशी अहवालात १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका होता. त्यांचे समर्थन मी कदापि करणार नाही. ज्या लेकरांना मदतीची गरज होती, तीच कागदावर हुशार ठरली. पुढे २०१४ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेनेच सांगितले की, बहुतेक अभ्यासांनुसार गुणांतल्या फरकात शिक्षकाचा वाटा १ ते १४ टक्के असतो.

आमच्याकडून हिशेब जरूर मागा. न शिकवणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण त्यासाठी न सांगता वर्गात या, वह्या चाळा, मागच्या बाकावरच्या मुलाला जवळ घेऊन एक परिच्छेद वाचायला सांगा. जूनमध्ये तो काय वाचत होता आणि आता काय वाचतो, हे त्याच्या बाईंना विचारा. आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका आठवड्याभरात वर्गशिक्षकाच्या हाती पडतील, एवढी व्यवस्था करा.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका