पातळी म्हणजे खोली नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नद्या आटल्याच्या बातम्यांत एक वाक्य हमखास भेटते : २०१८ साली जर्मनीतल्या काउब इथे ऱ्हाइन नदीत फक्त २५ सेंटिमीटर पाणी उरले होते. हयातभर जलसर्वेक्षणाच्या बोटीवर मोजपट्ट्या वाचल्या, म्हणून हे वाक्य मला सोडवत नाही. २५ हा तिथल्या पट्टीवरचा आकडा होता. पट्टीचे शून्य नदीच्या तळाशी नसते. तिथल्या नौकामार्गात त्याहून सुमारे मीटरभर जास्त पाणी होते. तेही मालवाहू जहाजांना अपुरेच, म्हणून ती अर्धीमुर्धी भरून चालवावी लागली. संकट खरेच होते, पण वाचकाला वाटते की माणूस घोट्याएवढ्या पाण्यातून नदी ओलांडून गेला असता.

अमेरिकेत मेम्फिसजवळ मिसिसिपीची पातळी ऑक्टोबर २०२२ मध्ये उणे १०.८१ फूट नोंदली गेली. उणे पाणी कसले? पाणी पट्टीच्या शून्याखाली गेले, एवढाच त्याचा अर्थ.

समुद्रातही तेच. नकाशावरची खोली अगदी खालच्या ओहोटीच्या रेषेपासून मोजतात, आणि भरती-ओहोटीचे तक्ते चंद्र-सूर्याचा हिशेब मांडतात, हवेचा नाही. हवेचा दाब एक मिलिबार वाढला की पाणी साधारण एक सेंटिमीटर दबते. त्यात जमिनीकडून वारा सुटला की आणखी खाली जाते. उमेदवारीच्या काळात पौर्णिमेच्या ओहोटीला मी तक्त्यावर भिस्त ठेवली आणि आमची बोट वाळूत रुतली. पुढची भरती चढेपर्यंत सगळे बसून राहिलो. तक्त्यातला आकडा चुकलेला नव्हता. बॅरोमीटर बघायचे राहिले होते, आणि ते काम माझे होते. तलावातसुद्धा पाणी नेहमी सपाट नसते : जोराचा वारा ईरी सरोवराचे पाणी एका टोकाला लोटतो, दुसऱ्या टोकाला तळ उघडा पडतो.

एल्ब नदीच्या पात्रात, चेक प्रजासत्ताकातल्या डेचीन गावी, १६१६ साल कोरलेला एक दगड आहे. पाणी फार उतरले की तो दिसतो. त्यावर कोरले आहे : ‘मला पाहिलेस तर रड.’ दगडाला शून्य सांगावे लागत नाही. आपल्या बातम्यांना लागते.

म्हणून विनंती एवढीच. पातळीचा आकडा छापताना तो कुठल्या पट्टीवरचा, तिचे शून्य कुठे आणि त्याच जागी याआधीची सर्वांत कमी नोंद किती, हे सोबत द्यावे. दोन ओळींत मावते.

आपला,
एक निवृत्त जलसर्वेक्षक