तिसऱ्या गोलातला काळोख : म्हापशाच्या लॅबमधल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव घालत नाही. त्या शुक्रवारी आम्हा दोघी जावांना आतल्या काळोख्या खोलीत बोलावून तुम्ही मायक्रोस्कोपला डोळा लावू दिलात, ते नियमात बसतं की नाही, मला ठाऊक नाही. उगाच तुमच्या साहेबांच्या डोळ्यांवर यायला नको. वाचलंत की तुम्हाला कळेलच. आपण बोललो ते सगळं कोंकणीत, पण लिहायला बसलं की माझा हात मराठीतच चालतो. प्राथमिक शाळेत नऊ वर्षं तेच शिकवते आहे.

माझं दुखणं तुम्ही फॉर्मवरच्या दीड ओळीत वाचलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे जून लागला की डब्यातले पापड मऊ पडतात, चपलांवर बुरशी धरते. तसल्या हवेत माझ्या तोंडाला कोरड. चवथीला नेवरीचा तुकडा तोंडात घातला, तो पाण्याच्या घोटाशिवाय खाली उतरेना. वर्गात धडा वाचताना जीभ टाळूला चिकटायची आणि पोरं खुदखुदायची. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. सकाळी बोटं आखडलेली असायची, खडू धरायला दहा वाजायचे. दोन वर्षांत चार दात किडले. सासूबाई म्हणाल्या, खडूची धूळ. एक डॉक्टर म्हणाले, टेन्शन. मास्तरणीला टेन्शन असतंच, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

मग कुणीतरी एएनए लिहून दिली, म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्ध रक्तात अँटिबॉडी (रोगाशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) आहेत का, ते पाहायची तपासणी. रिपोर्ट एका शब्दाचा आला : निगेटिव्ह. कुठल्या पद्धतीने केलं, रक्तातलं पाणी किती पट पातळ करून लावलं, काही लिहिलेलं नाही. मला तरी त्यातलं काय कळत होतं म्हणा! मी तो कागद देवासमोर ठेवून नमस्कार केला. पुढे वर्षभर मी काही म्हटलं की घरातलं जो तो मला तोच कागद दाखवायचा.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं गप्प बसवलं. एवढ्या वेळात पट्टी पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळा कोरडा समजतात. माझी तीन भिजली. श्योग्रेन हे नाव तिथे पहिल्यांदा कानावर पडलं. ते हेन्रिक श्योग्रेन स्वतः स्वीडनमधले डोळ्यांचेच डॉक्टर, १९३३ साली त्यांनी या कोरडेपणावर प्रबंध लिहिला. शरीराची रोगाशी लढायची फौज आपल्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते, असं बाईंनी समजावलं आणि पुन्हा रक्त तपासायला सांगितलं.

जावेचं प्रकरण उलटं. तिला शिंकसुद्धा येत नव्हती. स्वस्तात मिळालं म्हणून तिने सगळ्या तपासण्यांचं पॅकेज करून घेतलं, त्यात एएनए पॉझिटिव्ह निघाली, १:८०, म्हणजे ऐंशी पट पातळ करूनही. रात्रभर मोबाइलवर ल्युपसबद्दल (शरीराची फौज आपल्याच अवयवांवर उलटते असा आणखी एक आजार) वाचत बसली, आणि सकाळी मला म्हणते, माझ्या मुलाची मुंज तुम्ही करा. तिच्या डॉक्टरांनी नीट खात्री करून घ्यायला सांगितलं. तर अशा आम्ही दोघी डिचोलीहून कदंबाच्या बसमध्ये बसलो. आजारी ती निगेटिव्ह, धडधाकट ती पॉझिटिव्ह.

तुम्ही माझ्या दंडाला पट्टा बांधलात तेव्हा जुना रिपोर्ट माझ्या मांडीवर होता. रक्त काढून झालं, कापूस दाबून धरायला सांगितलात, आणि कागद उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलात. मागची बाजू कोरीच होती. 'स्लाइडवर केली होती की मशीनवर?' असं तुम्ही विचारलंत. मला काय माहीत! आत्तापर्यंत ज्यांनी ज्यांनी तो कागद हातात घेतला, त्यांनी तो एक शब्द वाचून खाली ठेवला होता. त्यात काय लिहिलेलं नाही, हे शोधणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

'बाजार करून या, दोन वाजता दाखवते,' म्हणालात. मयड्याची केळी आणि सासूबाईंसाठी तोरांचं लोणचं घेऊन आम्ही दोनला पाच मिनिटं असताना पायरीवर हजर.

त्या खोलीतल्या वीस मिनिटांसाठीच खरं तर हे पत्र आहे.

काचेच्या पट्टीवर दहा गोल. प्रत्येक गोलात माणसाच्या पेशींचा एक थर आधीच चिकटवून ठेवलेला, त्यांना हेप-टू म्हणतात. (त्या घशाच्या कर्करोगातून वाढवल्या असं बरीच वर्षं समजत होते. पुढे तपासलं तेव्हा त्या हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या निघाल्या. ती १९५१ साली गेली. तिला कुणी विचारलंही नव्हतं. आभार मानायचेच तर एक ओळ तिच्याही नावावर.) या पेशींची केंद्रकं मोठी असतात, म्हणून आतलं नीट दिसतं. आमच्या रक्तातलं सिरम ऐंशी पट पातळ करून तुम्ही एकेका गोलावर थेंब ठेवलात. अर्धा तास थांबायचं. केंद्रकातल्या एखाद्या वस्तूविरुद्ध अँटिबॉडी असेल तर ती तिथे जाऊन चिकटणार, बाकीचं सगळं धुऊन टाकायचं. मग माणसाच्या अँटिबॉडीला धरणारी दुसरी अँटिबॉडी घालायची, तिच्या शेपटीला हिरवं चमकणारं रसायन बांधलेलं. पुन्हा अर्धा तास, पुन्हा धुणं. आम्ही केळ्यांचा भाव करत होतो तेव्हा तुमचं हे चाललं होतं.

पहिल्या गोलात मुद्दाम ठेवलेला पॉझिटिव्ह नमुना. डोळा लावला तर काळ्या पाण्यात हिरव्या उजेडाने फुगलेला साबुदाणा. जाऊ म्हणाली, 'अगे बाई!' दुसऱ्यात मुद्दाम ठेवलेला निगेटिव्ह, तिथे नुसतं धुकं. तिसरा गोल माझा. मी श्वास धरून पाहिलं. दुसऱ्यासारखाच काळोख. कुठे काही उजळलेलं नाही. चौथा जावेचा, त्यात बारीक बारीक ठिपके, फिके, पण होते.

जावेचे डोळे भरले तसं तुम्ही म्हणालात, 'भिवपाची गरज ना,' घाबरायची गरज नाही. आणि तिथेच उभं राहून हिशोब सांगितलात : १९९७ साली निरोगी माणसांच्या रक्तावर जगातल्या बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून ही तपासणी केली. १:४० ला शंभरातले तीसेक जण उजळले, १:८० ला तेराएक, १:१६० ला पाच. पातळ करत जावं तसा निरोगी माणसांचा उजेड विझत जातो. हिला काही होत नसेल, लघवी, रक्तदाब, सांधे ठीक असतील, तर डॉक्टर बहुतेक एवढंच म्हणतील की काही झालं तर या. जावेने पदराने डोळे पुसले. 'म्हणजे मी तेरांतली?' म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरात तिला 'तेरावी' म्हणतात. आवडतं तिला.

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. मला वाटलं होतं की सुटले म्हणाल. तुम्ही परत एकदा तिसरा गोल लावलात, बराच वेळ पाहिलात, आणि फॉर्म मागून घेतलात. 'कोरडे डोळे, कोरडं तोंड,' मोठ्याने वाचलंत. पुढे जे सांगितलंत ते मी घरी येऊन वहीत उतरवलं. रो नावाचं एक प्रथिन आहे, त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी या आजारात पुष्कळदा असते. हेप-टू पेशींत रो मुळात थोडं. त्यात स्लाइड करताना पेशी अल्कोहोलसारख्या द्रवात पक्क्या करतात, तेव्हा त्यातलं आणखी थोडं जातं. त्यामुळे रो असलेल्या माणसाचा गोलही काळोखा राहू शकतो. म्हणून काही कंपन्या रोचं जनुक मुद्दाम वाढवून घातलेल्या पेशी विकतात, पण तुमच्याकडे त्या नव्हत्या.

'मी डॉक्टर नव्हे,' हे तुम्ही तीनदा म्हणालात. आजाराचं नावसुद्धा उच्चारलं नाहीत. लॅबच्या चिठ्ठीवर पेनाने एवढंच लिहून दिलंत : 'ईएनए करावी का? डॉक्टरांना विचारणे.' (ईएनए म्हणजे रोसारख्या एकेका प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी वेगवेगळी शोधणारी तपासणी.) आणि, 'सिरम फ्रीजरात ठेवते, परत टोचायला नको.'

पुढचं भराभर सांगते. डॉक्टर हो म्हणाले, तुमच्या फ्रीजरातली नळी मुंबईला गेली. तिथे स्लाइड नसते, कागदासारखी पट्टी असते. तिच्यावर एकेक प्रथिन आडव्या रेघेत लावलेलं, आणि ज्याच्याविरुद्ध अँटिबॉडी असेल ती रेघ काळी पडते. माझ्या रो-६०, रो-५२ आणि ला या तिन्ही रेघा काळ्या ठळक निघाल्या. रो आणि ला ही नावं, ज्या पेशंटांच्या रक्तात त्या पहिल्यांदा सापडल्या त्यांच्या नावांच्या अक्षरांवरून पडली, हेही तुम्हीच सांगितलंत. ल्युपसमधली एसएम अँटिबॉडीही तशीच, स्मिथ आडनावाच्या एका मुलीवरून. कुठल्या कुठल्या माणसांचं रक्त आपल्या उपयोगी पडतं!

पण रिपोर्ट न्यायला आले त्या दिवशी काउंटरवर तुम्ही मला जो एक प्रश्न विचारलात, त्याचं ऋण मोठं. 'मूल व्हायचंय?' लाजून मी मान हलवली. 'मग हा रिपोर्ट दाखवताना ते आधी सांगा. विसरू नका.'

विसरले नाही. रोची अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जाते आणि शंभरातल्या एखाद-दोन गर्भारपणांत बाळाच्या हृदयातली विजेची वाट बंद पाडते, ठोके मंदावतात. आधी माहीत असेल तर आईला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी चालू ठेवता येते आणि सोळाव्या आठवड्यापासून सव्विसाव्यापर्यंत बाळाच्या हृदयाचा इको पुन्हा पुन्हा करून लक्ष ठेवता येतं. माझे दर पंधरवड्याला झाले. त्या दहा आठवड्यांत सासूबाईंनी किती नवस बोलले ते त्यांनाच ठाऊक, अजून फेडणं चालू आहे. इकोच्या खोलीत धड्-धड्-धड् ऐकू आलं की नवरा मोबाइलच्या घड्याळावर मोजायचा, आणि दर वेळी वेगळाच आकडा यायचा. डॉक्टरांचा आकडा मात्र ठीक असायचा.

मुलगा झाला. जन्मल्यावर ईसीजी काढला, नीट होता. माझ्या अँटिबॉडी त्याच्या रक्तात काही महिने पाहुण्यासारख्या राहणार आणि निघून जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता तो आठ महिन्यांचा आहे. लाळ इतकी गाळतो की दिवसाला सहा लाळेरी लागतात. आईची सगळी उधारी तो फेडतोय.

एक राहिलंच. बाळंतपणानंतर दर तीन महिन्यांनी मी तुमच्या काउंटरवर येऊन म्हणायचे, ताई, ती ईएनए परत करून बघूया, रो कमी झाली का. दोनदा तुम्ही मला पैसे परत पर्समध्ये घालायला लावलेत. ही वरखाली मोजत बसायची तपासणी नव्हे, एकदा कळलं ते कळलं. डॉक्टर सांगतील तेव्हा सीबीसी आणि लघवी करायला या, म्हणालात. दुसरी एखादी लॅब रांगेत उभं करून दर महिन्याला करून देती. माझ्यासारख्या घाबरटाच्या पैशांवर या धंद्यात बरंच काही चालतं, हे मला आता कळतं.

माझं तोंड अजून कोरडंच आहे. बाटली पर्समध्ये असते, डोळ्यांत थेंब घालते, दात सांभाळते. वर्गात धडा वाचताना मधे थांबून पाणी पिते. पोरांना आता सवय झाली आहे, एक जण तर मी थांबले की स्वतःच बाटलीचं झाकण उघडून देतो.

पुढल्या शुक्रवारी बाजाराला येतेय. जाऊही येते आहे, तिला परत तो साबुदाणा बघायचा आहे म्हणे, तेवढं मनावर घेऊ नका. मुलाला घेऊन येईन. घरच्या नेवऱ्या आणते. पाण्याची बाटली माझी मी आणीन.

तुमची,
तिसऱ्या गोलातली