सायकसला द्राक्षाचे पाणी नको

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत थंडीतल्या बागेविषयीचा मजकूर वाचला. रात्री कुंड्यांवर प्लास्टिक टाकावे आणि पहाटे पाणी द्यावे, असा सल्ला त्यात सरसकट सगळ्या शोभेच्या झाडांसाठी दिला आहे, आणि छायाचित्र मात्र सायकसचे, म्हणजे त्या पामसारख्या दिसणाऱ्या कडक पानांच्या झाडाचे. मी निफाड तालुक्यातली. पारा पाचाच्या खाली गेला की आमचे गाव तुमच्या पहिल्या पानावर येते, तेव्हा थंडीबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क आम्हाला असावा. नेमके हेच करून २०१४ साली मी एक चांगला वाढलेला सायकस घालवला.

आमची द्राक्षबाग आहे. कडाका पडला की पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबक सोडायचे, ही घरची रीत. विहिरीचे पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा उबदार असते, ओली जमीन ऊब धरून ठेवते आणि मणी तडकायचे वाचतात. त्या जानेवारीत आमच्या ह्यांनी मायेपोटी ठिबकची एक नळी अंगणातल्या सायकसकडेही वळवली. वरून प्लास्टिकचा कागद मी बांधला, म्हणजे दोष एकट्या ह्यांचा नाही. आठ-नऊ दिवस हे चालले. पाने हिरवीगार, मी खूश. फेब्रुवारी सरता सरता पाने बुडापासून पिवळी पडू लागली. मधला शेंडा धरून जरा हलवला, तर तो अख्खा हातात आला. खाली गाभा लोण्यासारखा झालेला, आणि वास आंबलेल्या कणकेचा.

आपल्याकडे नर्सरीत मिळणारा सायकस मूळचा दक्षिण जपानचा, क्युशू आणि रिउक्यू बेटांवरचा. शून्याखाली चार-पाच अंशांची थंडी तो थोडा वेळ सहज काढतो. निफाडच्या थंडीचे त्याला काय! पण थंडीत त्याची मुळे जवळजवळ झोपलेली असतात. दिलेले पाणी ती ओढत नाहीत, ते कुंडीतच साचून राहते आणि खोडातला पिठूळ गर सडतो. द्राक्षाला जे तारते तेच याला बुडवते.

दिवाळीनंतर मी आता हात आखडता घेते. माती दोन बोटे खोल कोरडी झाली तरी आणखी आठवडा थांबते. मग ऊन अंगणात आल्यावर कडेकडेने तांब्याभर पाणी, शेंड्यात थेंबही नाही. डिसेंबर-जानेवारीत अशी पाळी दोन-तीनदाच येते. कुंडीत निम्मी जाड वाळू, थोडा विटांचा चुरा, बाकी माती आणि मूठभर जुने शेणखत. अंगठ्याने खोड दाबून बघायची सवय लागली आहे. कडक लागले की निश्चिंत.

झाकायचेच असेल तर जपानी लोकांकडे बघावे. क्योटोच्या निजो किल्ल्यातल्या बागेत सायकसना हिवाळ्यात भाताच्या पेंढ्याचे अंगरखे घालतात. तिथे हिमही पडते. पेंढ्यातून हवा खेळते, प्लास्टिकच्या आत घाम धरतो. शिवाय कोंदट जागा खवले किडीला आवडते. पानाच्या पाठीवर कुणी मीठ भुरभुरले असावे तशी ती दिसते. याच किडीने २००३ पासून पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावरचे बहुतेक रानटी सायकस मारून टाकले. आम्हा द्राक्षवाल्यांना मिलीबगची, म्हणजे पिठ्या ढेकणाची, ओळख आहे, पण ही तिच्याहून चिवट: मेली तरी पानाला चिकटून राहते, आणि औषध लागू पडले की नाही तेच कळत नाही. म्हणून कुंडी मी उघड्यावर, पूर्वेच्या भिंतीशी ठेवते.

त्या गेलेल्या झाडाच्या बुडाशी तीन फुटवे होते. त्यातले दोन कडक लागले. स्वच्छ कोयत्याने सोडवले, कापाला बागेसाठी कालवलेली मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, दहा दिवस सावलीत सुकवले आणि नुसत्या वाळूत खोचले. एकाला पहिले पान यायला पुढचा पावसाळा उजाडला. दुसरा तेवढा काळ कांद्यासारखा गप्प बसून शेवटी वाळला. जगलेला आता कमरेला लागतो. लंडनच्या क्यू उद्यानात १७७५ साली दक्षिण आफ्रिकेतून आणलेला याचा एक भाऊबंद अजून कुंडीत जिवंत आहे, आणि तिथे त्याला एकदाच, १८१९ साली, फुलाच्या जागी येणारा शंकू आला. घाई असणाऱ्याने झेंडू लावावा.

मजकुरात याला ‘साबुदाण्याचा पाम’ म्हटले आहे, तेही दुरुस्त व्हावे. हा पाम नव्हे. उपवासाचा आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. सायकसची पाने विषारी, बिया तर त्याहून. कुत्र्याने एखाद-दोन बिया चावल्या तरी जिवावर बेततात. आणि आपल्या छायाचित्रात कुंडीशेजारी कुत्र्याचे पिल्लू बसवले आहे! निदान एवढी दुरुस्ती येत्या रविवारी छापावी.

आमच्याकडे या आठवड्यात पुन्हा शेकोट्या सुरू झाल्या आहेत. अंगणाकडे येणाऱ्या ठिबकच्या नळीला ह्यांनी स्वतःच बूच मारले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. निफाड, जि. नाशिक