कण्वाचा श्लोक आणि गप्पांचा सूर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘शाकुंतला’च्या इथल्या प्रयोगाचं परीक्षण आपल्या अंकात वाचलं. शकुंतलेचा पालक पिता कण्व झालेल्या मुलाने श्लोक ‘अगदी गप्पा मारल्यासारखे’ म्हटले, असं त्यात कौतुक आहे. मी त्या प्रयोगाला होते आणि मला नेमकं तेच खटकलं.

चौथ्या अंकातला ‘यास्यत्यद्य शकुन्तलेति हृदयं संस्पृष्टमुत्कण्ठया’ घ्या. वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीत १९ अक्षरं, १२व्यावर यती, म्हणजे थांबण्याची जागा. ती येते बरोबर ‘हृदयं’ संपताना. लेक आज सासरी जाणार, म्हणून काळीज... इथे कालिदासाने नटाला श्वास घ्यायला जागाच करून दिली आहे. हा मुलगा ‘शकुन्तलेति’वर थांबला आणि उरलेलं एका दमात उरकून मोकळा झाला. ओळीची पहिली तिन्ही अक्षरं गुरू, म्हणजे जड उच्चाराची आहेत. त्यांना पुरतं वजन दिलं की वृद्ध ऋषी तिथेच उभा राहतो. कमरेत वाकून दाखवावं लागत नाही.

दुसरं म्हणजे रडणं. कण्वाने आसवं आवरली आहेत, कवीचा शब्दच ‘स्तम्भित’ आहे. नटाने खरोखर गळा काढला की दुसरी ओळ कोणाला कळत नाही. आणि सगळा रोख तर चौथ्या ओळीवर: रानात राहणाऱ्या माझी ही गत, मग संसारी बापांचं काय होत असेल! आमची मुलं सगळं रडू पहिल्याच ओळीत खर्चून बसतात.

मी तालमीत आधी श्लोकाचा अर्थ घरच्या मराठीत बोलायला लावते. मग तोच श्लोक वृत्तात, चालता चालता. यती आली की दिशा बदलायची. चाल लावून गाऊ देत नाही, तीही पळवाटच. ‘वैक्लव्यं मम’मधल्या ‘मम’चं ‘मम्’ झालं की एक अक्षर बुडतं, तिथे मी टाळी वाजवून अडवते. (मराठी काय, हिंदी काय, शेवटचा ‘अ’ आपण गिळतोच!)

उज्जैनचा कालिदास समारोह १९५८पासून कार्तिकी एकादशीच्या सुमारास होतो. त्या निमित्ताने इंदुरात कोणी संस्कृत नाटक बसवणार असेल तर विनंती, कॉलर माईक शेवटच्या आठवड्यापर्यंत पेटीतच राहू द्या. आणि आपल्या परीक्षकांना पुढच्या खेपेस शेवटच्या रांगेतलं तिकीट द्यावं.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका
रामबाग, इंदूर